लेकीच्या आवाजामागचं गाणं

आमच्या घरात माणसं तीन. त्यातलं एक घरात नसतं, पण मोजताना मी ते धरतेच. ती आमची लेक. डोंगरावर हवामान केंद्रात असते आणि वारा मोजते. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. खेळायला गेली की हाका मारून घसा बसायचा, म्हणून मी खिडकीत उभी राहून पातेल्यावर पळी वाजवायचे, आणि कुठून तरी, कुणाच्या तरी जिन्यातून 'आले' असं ऐकू यायचं. आता सरकारने तिला पगार देऊन एका जागी बसवलंय आणि तिच्या डोक्यावर, छपरावरच्या खांबाला, वाऱ्याची खरीखुरी भिंगरी गरगरत असते. टोपणनाव ठेवताना सुद्धा माणसाने चारदा विचार करावा तो यासाठी.

त्या डोंगरावर फोन लागत नाही. केंद्राचा सरकारी संच आहे, पण त्यावर ऊन, वारा, पाऊस एवढंच बोलायचं. 'आई, आज घशात खवखवतंय' हे हवामानात बसत नाही. तेव्हा आमच्या ह्यांचं जन्माचं वेड पहिल्यांदा कामाला आलं. लोक हौसेने पोपट पाळतात, ह्यांनी रेडिओ पाळले. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि मग जगाच्या पाठीवरच्या कुणा अनोळखी माणसाला 'तुमचा आवाज फार स्वच्छ येतोय' असं सांगायचं, ही ती हौस. घरातल्या माणसाला हेच सांगायला परवाना लागत नाही, तरी मला ते कधी कुणी सांगितलेलं नाही. लेकीलाही ह्यांनी त्या परीक्षेला बसवलं होतं. 'याने काय पोट भरणार आहे,' असं मी तेव्हा म्हणाले होते. हल्ली कुणी त्याची आठवण काढली की मला स्वयंपाकघरात काम निघतं.

ह्यांनी तिला दिलेल्या हातातल्या सेटचा आवाज आमच्या घरापर्यंत पोचत नव्हता, कारण आमचं घर इमारतीच्या पाठीला. गच्चीवर स्वतःची काठी उभारायला ह्यांनी परवानगी मागितली, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "एकट्याच्या हौसेसाठी सामायिक गच्ची देता येत नाही." मग ह्यांच्या हौशी मंडळाने अर्ज केला की संकटकाळी लोकांच्या सेवेसाठी रिपीटर बसवायचा आहे. सेवा हा शब्द ऐकला की सेक्रेटरींची मान आपोआप हलते. ती हलली.

रिपीटर म्हणजे काय हे ह्यांनी मला कागदावर बाण काढून समजावलं आणि मला ते बाण काढायच्या आधीच समजलं. दुरून आलेलं पुसट बोलणं ऐकायचं आणि तेच, त्याच क्षणी, मोठ्या आवाजात चहूकडे सांगायचं.

"म्हणजे खालच्या वहिनी," मी म्हटलं.

खालच्या वहिनी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. फरक इतकाच की त्यांना वीज लागत नाही.

तर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी घोडीला काठी बांधली, जिन्याच्या खोलीत खोका ठेवला आणि दिवेलागणीला लेकीचा आवाज घरात आला. त्या वेळी आमच्या खिडकीतून जो उजेड येतो तो दिवसाचा नसतो आणि दिव्याचाही नसतो. भांड्यांना, खुर्च्यांना, ह्यांच्या टकलालासुद्धा एक मऊपणा येतो. त्या उजेडात ती बोलायची. आज ढग खिडकीतून आत आले होते. आज खाली काहीच दिसलं नाही, जग पुसून ठेवल्यासारखं होतं. मी कणीक मळायची थांबून ऐकत राहायचे.

ऐकतच राहायचे, कारण माईकवर परवान्याशिवाय बोलायचं नाही असा कायदा आहे. शाळेने आणि मी चौथीनंतर एकमेकांचा निरोप घेतला, त्यामुळे परीक्षेची वाट बंद. आणि ह्यांना कायदा माझ्याहून प्रिय. मी आतून म्हणायचे, "विचारा तिला, भाजी नीट खातेस ना म्हणावं." हे माईकमध्ये म्हणायचे, "तुमच्याकडील आहाराची स्थिती कळवा, ओव्हर." तिकडून आधी हसू यायचं, मग उत्तर. आपलं बोलणं संपलं हे कळावं म्हणून हे लोक दर वेळी ओव्हर म्हणतात. ही पद्धत मला आवडली. खालच्या वहिनींना कुणी तरी शिकवायला हवी.

आता माझ्या तारेबद्दल सांगते, म्हणजे माझी बाजू आधीच स्वच्छ राहील. गच्चीवर टाकीच्या घोडीपासून जिन्याच्या खोलीच्या आकड्यापर्यंत माझी कपडे वाळत घालायची लोखंडी तार आहे. होती. सेक्रेटरींनी मागे एकदा सभेत ठराव आणला होता की ही तार म्हणजे सामायिक जागेवर अतिक्रमण आहे. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तारेने जागा अडते किती? दोन बोटं. बाकी मी वापरते ते ऊन. उन्हाचा मालक कोण ते कागदावर दाखवा, मी तार काढते." कागद निघाला नाही. तेव्हापासून ती तार माझी. रोज फडक्याने पुसायचे. फक्त आकड्याशी जिथे तिला पीळ दिलाय तिथे फडकं जात नसे.

तर एका संध्याकाळी लेक बोलत होती आणि तिच्यामागे कुणी तरी गात होतं.

बाईचा आवाज होता. शब्द कळत नव्हते, नुसता सूर, विहिरीच्या तळाशी बसून गावं तसा. हे म्हणाले, "तुमच्याकडचा रेडिओ बंद करा, ओव्हर."

"बाबा, माझ्याकडे कुठला रेडिओ. इथे काही लागत नाही. तुमच्याकडेच लागलाय. ओव्हर."

आमच्याकडे मिक्सर चालू होता. मी तो बंद केला. बाई गातच राहिली.

आमच्या समोरच्या माळावर रेडिओ स्टेशनचा उंच मनोरा आहे. अंधारताना त्यावर लाल दिवे एकावर एक लागतात आणि कुणी शिडी चढून वर चाललंय असं वाटतं. तिथलं गाणं आमच्या खोक्यात शिरत होतं, आणि खोका इमानाने ते सगळीकडे सांगत होता. मला वाटलं, शिरलं तर शिरलं, गाणंच आहे, साप नव्हे. पण ह्यांचा चेहरा पाहिला तर साप परवडला असता. हौशी लहरींवर गाणी वाजवणं हा गुन्हा. बोला, वाद घाला, दुष्काळाची खबर द्या, पण गाणं नाही.

परवाना कचेरीची चिठ्ठी आलीच. अडथळा दूर करा, तपासनीस येऊन पाहतील, दूर झालेला नसेल तर खोका उतरवा. एक प्रत सेक्रेटरींना. ते ती हातात घेऊनच वर आले.

"वहिनी, मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. माणूस इतका प्रसन्न होऊन वाईट वाटून घेताना मी पहिल्यांदा पाहिला.

खोका उतरला की लेक गप्प. पुढची सुट्टी मिळून ती खाली येईपर्यंत तिच्या घशात खवखवतंय की नाही हे कळायचा मार्ग नाही. ह्यांनी त्या रात्री चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पिऊन टाकला. मी समजले.

पहिला उपाय वायरमनचा. त्याने खोक्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. "काकू, सगळ्या रोगांचं मूळ अर्थिंग. तुमचं अर्थिंग कच्चं आहे."

इतक्या वर्षांत मला बरंच काही म्हटलं गेलंय, पण हे नवीन होतं.

विजेला जमिनीत जायला चांगली वाट दिली की नको ते आवाज त्या वाटेने निघून जातात, असं त्याचं शास्त्र. म्हणून खाली बागेत खड्डा खणायचा, त्यात तांब्याचा पत्रा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ. मीठ म्हणजे चिमूटभर नाही, पोतंभर. खड्ड्याभोवती सगळी इमारत जमली. खालच्या वहिनी म्हणाल्या, "मिठाने झाडं मरतात." सेक्रेटरी म्हणाले, "गुलाबापासून लांब खणा." मग वहिनी म्हणाल्या, "लांब म्हणजे फार लांब नको, माझी खिडकी आहे." असं करता करता खड्ड्याची जागा सगळ्यांच्या संमतीने ठरली आणि सगळ्यांच्या संमतीने कुदळ पाण्याच्या मोठ्या नळावर बसली.

पाणी खूप उंच गेलं. संध्याकाळचं ऊन त्यात शिरलं आणि इमारतीच्या आवारात इंद्रधनुष्य उभं राहिलं. सुंदर होतं. वायरमनने तोंडावरचं पाणी निपटलं आणि म्हणाला, "ओल चांगलीच, काकू. अर्थिंगला ओल लागते."

त्यानंतर नळ दुरुस्त होईस्तोवर इमारतीला पाणी नव्हतं. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस बादली या हातातून त्या हातात घ्यायचा, नुसतं मला दिसावी म्हणून. मी मान ताठ ठेवून जायचे. माझ्याही हातात बादली होती, पण ती मी अशी धरायचे की जणू हौसेने फिरायला काढली आहे.

खड्डा झाला, मग गच्चीपासून त्या खड्ड्यापर्यंत तांब्याची लांब पट्टी भिंतीवरून खाली सोडली. ती प्रत्येकाच्या खिडकीजवळून गेली. वहिनींनी तिला कुंडी टांगली. मी म्हटलं, "वहिनी, ती विजेची वाट आहे."

"वाटेत झाड असलं तर सावली होते," त्या म्हणाल्या. यावर मला उत्तर सुचलं नाही, हे मी इथेच लिहून ठेवते. पुन्हा असा प्रसंग येणार नाही.

त्या पट्टीने गाणं जमिनीत गेलं नाही. उलट फाटकावरच्या इंटरकॉममध्ये गेलं. वॉचमनला वाटलं सोसायटीने त्याची सोय केली. तो बिचारा डोळे मिटून ऐकत बसायचा. सेक्रेटरींनी कुणाची तरी गाडी हलवायला सांगण्यासाठी इंटरकॉम उचलला, तर एक बाई त्यांच्या कानात विरहाचं गाणं म्हणू लागली. वॉचमन नंतर म्हणाला की साहेबांनी पूर्ण कडवं ऐकलं आणि मग ठेवला. त्या दिवसापासून सेक्रेटरी तक्रार करताना पूर्वीइतके प्रसन्न दिसेनात.

दुसरा उपाय ह्यांचा स्वतःचा. ह्यांनी कुठून तरी काळी जड कडी आणली आणि घरातल्या प्रत्येक वायरीला अडकवली. आवाजाला वायरीतून पळून जायला मिळू नये म्हणून. फ्रिज, इस्त्री, मिक्सर, माईक, टेबलावरचा दिवा, सगळ्यांच्या गळ्यात काळं कडं.

"माझ्या गळ्यात पण घाला एखादं," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला आजही वाटतं की क्षणभर त्यांनी विचार केला.

गाणं तसंच. कधी असायचं, कधी नसायचं. एखाद्या संध्याकाळी लेक अगदी स्वच्छ बोलायची आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडायचो. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. लेकीला विचारलं तर ती म्हणायची, "असू दे हो बाबा. ओव्हर." पोरीचा स्वभावच तसा, आपल्यामुळे कुणाला त्रास नको. असं मला तेव्हा वाटलं.

शेवटी आम्ही रेडिओ स्टेशनवरच गेलो. मी बरोबर गेले, कारण हे भांडायला गेले की विनंती करून येतात. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "गाणं ऐकू येत नाही का?"

"येतं," हे म्हणाले.

"खरखर?"

"नाही, छान येतं."

"मग ही तक्रार आहे की कौतुक?" त्याला खरंच कळत नव्हतं. कौतुकाची खिडकी पलीकडे होती आणि ती बंद होती. मी काउंटरवर पिशवी ठेवून स्टूल ओढलं आणि म्हटलं, आम्हाला वेळ आहे. मग आतून एक इंजिनियर आले. भला माणूस. त्यांनी शांतपणे सांगितलं की स्टेशनची लहर तिच्या जागीच आहे. पण इतक्या जवळ कुठे गंजलेलं लोखंड लोखंडाला सैल टेकलेलं असलं, तर लहर त्या सांध्यात शिरते, तिथे तिचं रूप बिघडतं आणि मग ती नको त्या खोक्यात घुसते. अर्थिंग, कडी वगैरे राहू द्या. तुमच्या गच्चीवर असा एखादा गंजका सांधा शोधा.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी गच्चीवरचं सगळं लोखंड घासायला घेतलं. कठडा, शिडी, टाकीचं झाकण, पावसाच्या पाइपाचे पट्टे. वायरमन पॉलिश पेपर घेऊन मदतीला. सगळं चकाकलं. घासत घासत दोघे माझ्या तारेपाशी आले आणि थांबले. मी तिथेच कपडे काढत होते.

"ही..." हे म्हणाले.

"ती मी रोज पुसते," मी म्हटलं.

हे पुढे गेले. वायरमन त्यांच्या आधीच पुढे गेला होता. सेक्रेटरींचा ठराव जिच्यापुढे टिकला नाही तिला पॉलिश पेपर लावायची कुणाची छाती नव्हती. आणि मला तरी काय कल्पना.

कल्पना आली ती त्याच आठवड्यात. पाणी आलं होतं आणि मी साठलेल्या सगळ्या चादरी धुतल्या होत्या. ह्यांनी ऐकण्यापुरता एक छोटा सेट माझ्या गळ्यात अडकवला होता. कामं करताना लेकीचं ऐकता यावं म्हणून. नुसतं ऐकायला परवाना लागत नाही. गच्चीवर गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. ओल्या चादरी वाऱ्याने फुगत होत्या, पुन्हा बसत होत्या, जणू गच्चीच श्वास घेत होती. पलीकडे मनोऱ्यावर एक एक दिवा वर चढत होता. लेकीची वेळ व्हायची होती, सेट गप्प होता.

मी एक चादर काढली. सेटमध्ये कुणी तरी गुणगुणल्यासारखं झालं. दुसरी काढली. बाई गायला लागली.

मी चादर पुन्हा तारेवर टाकली. बाई थांबली.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मी पुन्हा चादर उचलली, गाणं आलं. उशीचा ओला अभ्रा टाकला, गाणं जरासं दबलं. ह्यांचा लेंगा टाकला, आणखी दबलं. टॉवेल टाकला, गेलं. ओल्या कपड्यांचं वजन पडलं की तार ताणली जायची, आकड्याशी पीळ घट्ट बसायचा आणि गाण्याला शिरायला फट राहायची नाही. कपडे काढले की तार सैल, गाणं मोकळं. मी आकड्याला कान लावला. लोखंड अगदी बारीक, झोपेत पुटपुटावं तसं गात होतं. की मला वाटलं, कोण जाणे. मी मग बराच वेळ ते गाणं कपड्यांनी वाजवत उभी राहिले. उचलायचं, टाकायचं. आयुष्यात मला कधी पेटीला कुणी हात लावू दिला नव्हता. त्या संध्याकाळी अख्खी गच्ची माझ्या हाताखाली होती.

मग लेकीचा आवाज आला, आणि मी झटकन सगळ्या चादरी पुन्हा वाळत घातल्या.

आता कुणी म्हणेल, खाली जाऊन सांगायचं. सांगितलं असतं तर पहिले सेक्रेटरी म्हणाले असते, "तार." तो एक शब्द ते किती वर्षं जिभेखाली धरून बसले होते हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. त्याऐवजी रोज चार वाजले की जाड सतरंजी बादलीत बुडवायची, वर न्यायची आणि तारेवर टाकायची. सतरंजी कोरडी होईस्तोवर लेकीचं बोलणं होऊन जायचं. कायद्याला गाणं नको, मला अपमान नको, दोघांचंही भागत होतं.

गाणं थांबल्यावर श्रेय घ्यायला रांग लागली. वायरमन म्हणाला, अर्थिंग आता मुरलं. हे म्हणाले, कड्यांचा परिणाम सावकाश होतो. वहिनी म्हणाल्या की त्यांनी पट्टीवरची कुंडी काढली त्याच दिवसापासून फरक पडला. मी सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांना हो म्हटलं. माझ्या स्वभावात नाही ते, म्हणून कुणाला तरी संशय यायला हवा होता. कुणाला आला नाही, यावरून मला घरात किती ओळखतात ते कळलं.

"ती सतरंजी रोज का धुतेस?" हे एकदाच म्हणाले.

"तिच्यावर बसून तुम्ही रोज काय काय सांडता," मी म्हटलं.

तपासनीस सकाळी येणार असा निरोप आला. म्हणून मी सकाळीच सतरंजी भिजवली. सरकारी सकाळ कधी होते याचा अंदाज घ्यायला हवा होता. साहेब आले ते ऊन कलताना, आणि दिवसभर वारा असा होता की डोंगरावरची भिंगरी गळून पडावी. मला सतरंजीची आठवण झाली तेव्हा सगळे गच्चीवर पोचले होते. हे, सेक्रेटरी, वायरमन, वहिनी, आणि हातात सेट घेतलेले साहेब. सतरंजी पापडासारखी वाळून तारेवर हलकी हलकी डुलत होती.

लेकीचा आवाज आला. "बाबा, आज वारा फार आहे इथे." आणि तिच्यामागे, विहिरीच्या तळाशी, बाई गाऊ लागली.

ह्यांनी डोळे मिटले. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "गाणं," सेक्रेटरी म्हणाले, अगदी हळू.

मी टाकीच्या नळाखालची बादली उचलली आणि सतरंजीवर ओतली.

गाणं थांबलं. सतरंजीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. साहेब माझ्याकडे पाहत राहिले. "आजी, हे काय केलंत?"

"आजी व्हायला माझ्या लेकीचं लग्न व्हायचंय," मी म्हटलं.

"बरं, काकू. ती सतरंजी जरा उचलता?"

मी उचलली. बाई आली. ठेवली. बाई गेली. साहेबांनी मला तीनचारदा उचलायला लावली. शेवटची एकदा कामाची नसावी, त्यांना मजा येत होती. मग ते आकड्याशी जाऊन वाकले आणि नखाने तो पीळ खरवडला. तांबडी भुकटी पडली.

"तार," ते म्हणाले.

"तार," सेक्रेटरी म्हणाले. इतक्या वर्षांचं जिभेखालचं सुटलं. "मी सांगतच होतो."

"तुम्ही गाण्यापायी सांगत नव्हतात," मी म्हटलं. पण आवाजाला नेहमीची धार आली नाही. हे माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. सतरंजीचा हिशोब जुळल्यावर माणूस जसं पाहील तसं.

"काकू," साहेब म्हणाले, "रोज सतरंजी भिजवण्यावर मला परवाना देता यायचा नाही. तार काढा, नाही तर खोका काढावा लागेल."

सेट अजून चालू होता. लेक म्हणाली, "बाबा? ऐकताय ना? मला तुमचं काहीच येत नाहीये. ओव्हर."

मी वायरमनच्या हातातली पक्कड घेतली. तो पुढे झाला तर त्याला म्हटलं, "हात लावायचा नाही. ही मी बांधली आहे." पीळ हट्टी होता. घरात हट्टी काय काय आहे ते मला चांगलं माहीत आहे, त्याला कसं सोडवायचं तेही. सुटला. तार गच्चीवर पडली, एकदा उसळली आणि निजली. सेटमध्ये इतकी शांतता झाली की लेकीचा श्वास ऐकू आला.

"ऐकू येतंय," हे साहेबांच्या हातातल्या सेटमध्ये म्हणाले. ओव्हर म्हणायला विसरले.

मी सेक्रेटरींकडे वळले. "दोरी नायलॉनची हवी. जाड. आणि सोसायटीने बांधून द्यायची, ठराव करून. ऊन कुणाचं ते त्यात लिहा." साहेब अजून तिथेच उभे होते, म्हणून असेल, सेक्रेटरींनी मान हलवली. तेव्हा माझी तार गेली आणि माझी दोरी कागदावर आली. कोण हरलं ते ज्याने त्याने ठरवावं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही दोघे सेटपाशी बसलो. तो उजेड आला, भांड्यांवर, खुर्च्यांवर. लेक बोलली, आणि तिच्यामागे काही नव्हतं.

"बाबा, गाणं बंद झालं का? ओव्हर."

"अडथळा संपूर्णपणे दूर करण्यात आला आहे, ओव्हर." ह्यांना भारी समाधान वाटत होतं.

मग ती म्हणाली, "छान झालं. इथे रेडिओ लागत नाही ना. संध्याकाळी नुसता वारा असतो. तुमचं बोलणं झालं तरी मी सेट लावून बसायचे, गाणं ऐकायला. असू दे. ओव्हर."

ह्यांनी माईक हातात धरला आणि बटण दाबलं नाही. माझ्याकडे पाहिलं. नळ फुटला होता, मीठ पुरलं होतं, तार गेली होती, आणि पोरीला तेवढंच हवं होतं. गाणं लावायचं नाही, हा कायदा. मी बोलायचं नाही, हाही कायदा. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

लेक बोलत असताना मी भांडी कधी वाजू देत नाही. त्या दिवशी मांडणीवरची सगळी काढली आणि पुन्हा लावायला घेतली, माझ्या मनासारखी. वाट्या वाटीत बसल्या, ताटं ताटांवर आली, मोठ्या पातेल्याचं झाकण जमिनीवर गोल गोल फिरून सावकाश निजलं. मागे वळून पाहिलं तर हे दारात उभे होते. माईकची वायर ताणता येईल तेवढी ताणलेली, तिच्या गळ्यातलं काळं कडं लोंबतंय, आणि अंगठा बटणावर. आयुष्यभर ज्यांनी माझ्यापेक्षा कायद्याचं ऐकलं, ते हे. भांड्यांबद्दल कायद्यात काही नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मी पळी घेतली आणि पातेल्यावर वाजवली. पूर्वी खिडकीतून वाजवायचे तशी.

ह्यांनी बटण सोडलं. खरखर आली, वारा आला. मग डोंगरावरून, एका एवढ्याशा जिन्यातून यावा तसा आवाज आला.

"आले."